वर्गणी भरली, पुस्तक कोणाचे?

वर्गणी या शब्दाला गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या वस्त्यांत स्वतःचा असा इतिहास आहे. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला आणि १९३४ साली लालबागच्या बाजारात बसला, तो वर्गणीवर. १८९८ साली स्थापन झालेले आणि पुढे दादरच्या नायगाव भागात स्थिरावलेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वाढले, ते सभासदांच्या वर्गणीवर. खटाववाडीतून निघणारा ‘सत्यकथे’चा अंक टपालाने घरोघर जाई, तोही वर्गणीदारांच्या. या प्रत्येक व्यवहारात पैसे देणाऱ्याच्या पदरात काही तरी टिकाऊ पडत असे. मंडळाच्या सभेत उभे राहून हिशेब मागता येई. ग्रंथालयाच्या निवडणुकीत मत देता येई. त्या निवडणुकांतील वाद वृत्तपत्रांना पुरून उरतात ही गोष्ट वेगळी. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण वर्गणीदारांच्या माळ्यावर रचून ठेवलेले जुने अंक परत न्यायला कोणी आले नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला आहे. चित्रपट, गाणी, कार्यालयात लागणारी संगणकाची साधने आणि आता पुस्तके, सारे काही दरमहा वर्गणीवर मिळते. वर्गणी थांबली की वस्तूही नाहीशी होते. पैसे देणाऱ्याला येथे मत नाही, हिशेब मागण्याचा अधिकार नाही आणि माळ्यावर ठेवण्याजोगे काही हातीही राहत नाही. हा बदल इतक्या संथपणे झाला की त्याची चर्चा व्हावी तशी झालेली नाही. जेथे ती मोठ्या आवाजात झाली ते क्षेत्र येथील पुष्कळांना परके वाटेल. ते आहे टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळांचे, इंग्रजीत ज्यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्या खेळांचे.

या खेळात पट नसला तरी चालतो. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो, वाटेत भेटणारी माणसे आणि संकटे रंगवतो. उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेऊन काय करायचे ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निकाल बहुधा वीस पैलूंच्या फाशावर लागतो. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालते. गणेशोत्सवातील हौशी नाटकांवर वाढलेल्या वस्तीला यात अपरिचित असे फारसे काही नाही. फरक एवढाच की येथे संहिता आधी लिहिलेली नसते. तिच्याऐवजी असतो तो नियमांचा ग्रंथ. सारीपाट, गंजिफा किंवा आट्यापाट्या शिकायला पुस्तक लागले नाही, थोरांचे पाहून धाकटे शिकले. खो-खो आणि हुतूतू यांचे नियम विसाव्या शतकात लेखी झाले ते मुख्यतः सामन्यांत तंटे होऊ नयेत म्हणून. कथाखेळाचे नियम मात्र शेकडो पानांचे असतात, आणि ते पान उघडून पाहिल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही. म्हणूनच पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न या खेळात शोभेचा राहत नाही. पुस्तक गेले तर खेळच थांबतो.

या खेळांतील आद्य आणि आजही सर्वांत मोठा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि पहिली छपाई अवघ्या एक हजार प्रतींची. मूळ कंपनी १९९७ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि त्या कंपनीला १९९९ साली खेळण्यांच्या धंद्यातील बलाढ्य ‘हॅस्ब्रो’ने गिळले. एवढ्या मालकीबदलांतही १९७४ च्या पुस्तिका ज्याच्यापाशी आहेत, त्याला त्या पुढे ठेवून आजही खेळता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मुंबईतही असे खेळणाऱ्या तरुणांचे गट आहेत. संख्येने ते थोडे, पण हौसेने दांडगे आहेत. परदेशी छापलेला नियमग्रंथ त्यांना चार-साडेचार हजार रुपयांच्या घरात पडतो. तो बहुधा एक जण घेतो आणि पाच जण वापरतात.

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. एका पुस्तकाचे अनेक वाचक ही दादर-गिरगावच्या वाचनसंस्कृतीची पायाभरणी होती. चाळीत एक वृत्तपत्र येई आणि ते चार खोल्यांतून फिरे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या गिरणी भागात वाचनालये चालवली, फिरती वाचनालयेही चालवली, ती याच हिशेबाने की कामगाराला पुस्तक विकत घेणे परवडणार नाही, पण आळीपाळीने वाचणे परवडेल. शाळेची पाठ्यपुस्तके वरच्या इयत्तेतून खालच्या इयत्तेत अर्ध्या किमतीत उतरत. प्रकाशकांना हे सारे दिसत होते. त्यांना ते आवडो वा न आवडो, रोखण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. विकलेला ग्रंथ एकदा दुकानाबाहेर पडला की प्रकाशकाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

आता तो पोहोचतो. डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांपुढे बोलताना ‘विझार्ड्स’च्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी सांगितले की या खेळाची लोकप्रियता मोठी असली तरी तिच्यातून व्हावी तेवढी कमाई होत नाही, सूत्रधार हे खेळणाऱ्यांत सुमारे एक पंचमांश, परंतु पैसे खर्च करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. व्यापारी दृष्टीने या विधानात गैर काही नाही. पाच माणसे खेळतात आणि एकच गिऱ्हाईक होते, हे कोणाही दुकानदाराला खुपणार. उपाय डिजिटल मार्गाने दिसत होता, आणि त्याची तयारी आधीच झाली होती. ‘डी अँड डी बियाँड’ नावाचे संकेतस्थळ २०१७ पासून या खेळाचे ग्रंथ आणि साधने संगणकावर पुरवत होते. ‘हॅस्ब्रो’ने २०२२ साली ते १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतले.

तेथील व्यवहाराची रचना पाहण्याजोगी आहे. नियमग्रंथाची डिजिटल प्रत पैसे मोजून घ्यावी लागते. मासिक वर्गणी त्याहून निराळी. ती भरल्याने ते ग्रंथ पदरात पडत नाहीत. जादा पात्रे साठवण्याची सोय मिळते, आणि वरच्या दर्जाची वर्गणी भरली तर विकत घेतलेले ग्रंथ आपल्या गटातील इतर खेळाडूंना उघडून दाखवता येतात. स्वच्छ मराठीत सांगायचे तर, स्वतःच्या पैशाने घेतलेले पुस्तक मित्राला वाचायला द्यायचे असेल तर त्याचे दरमहा भाडे पडते. कागदी पुस्तकाच्या बाबतीत अशी मागणी कोणी केली असती तर त्याची गणना विक्षिप्तांत झाली असती.

अर्थात डिजिटल ग्रंथाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि छापील पुस्तकाच्या भक्तांना ते मान्य करण्याची सवय नाही. नायगावच्या, ना. म. जोशी मार्गावरच्या आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत सहा-सात माणसे राहत असताना पुस्तकांचे कपाट कोठे ठेवायचे, याचे उत्तर ग्रंथप्रेमावरील व्याख्यानांत मिळत नाही. पुनर्विकासात घर मोठे झाले तरी पुस्तकांसाठी भिंत मोकळी राहतेच असे नाही. शेकडो पानांच्या ग्रंथात हवा तो नियम क्षणात शोधून देणे, छापताना राहिलेली चूक पुढे दुरुस्त करणे, दृष्टिहीनाला मजकूर वाचून दाखवणे, यांतले काहीही कागदाला जमत नाही. शिवाय परदेशी ग्रंथ मागवायचा तर वाहतुकीचा खर्च येतो, आणि २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्कही बसवले. फोर्टमधील स्ट्रँड बुक स्टॉलसारखे, वाचकाला सवलतीत परदेशी पुस्तक देणारे दुकान २०१८ साली सत्तर वर्षांनी बंद झाले. त्या दुकानाची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली असेल तर त्यात पडद्याचा दोष नाही.

दोष असेल तर तो अटींत. त्या अटी कशा चालतात हे या खेळाच्या अलीकडच्या इतिहासाइतके स्पष्ट अन्यत्र दिसत नाही.

या खेळाची चौथी आवृत्ती २००८ साली निघाली. तिच्याबरोबर ‘डी अँड डी इनसायडर’ नावाची वर्गणीची सेवा सुरू झाली. नियमांचा शोध घेणे, पात्रे बनवणे यांची साधने तीत होती. पुढच्याच वर्षी कंपनीने जुन्या ग्रंथांच्या डिजिटल प्रती विकणे एकाएकी थांबवले आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांचीही त्या प्रती पुन्हा उतरवून घेण्याची सोय त्याबरोबर गेली. वर्गणीची सेवा काही वर्षे चालली, आणि जानेवारी २०२० पासून तीही बंद झाली. ती ज्या तंत्रावर उभी होती ते तंत्रच कालबाह्य झाले होते. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. यंत्रे जुनी होतातच. पण २००८ साली छापलेले चौथ्या आवृत्तीचे ग्रंथ आजही उघडतात आणि त्यांवरून खेळता येते. त्यांच्यावर खर्चलेला पैसा आणि वर्गणीवर खर्चलेला पैसा यांचे काय झाले, याची तुलना ज्याची त्याने करावी.

जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण आणखी चिघळले. २००० साली कंपनीने एक खुला परवाना जाहीर केला होता. त्याच्या आधारे या खेळाच्या मूळ नियमांवर इतर लेखक आणि लहान प्रकाशक स्वतःचे ग्रंथ काढू शकत. दोन दशकांत त्यावर एक गृहोद्योगच उभा राहिला. कंपनीने हा परवाना रद्द करून नवा आणण्याचे घाटले आहे आणि साडेसात लाख डॉलरवरील उत्पन्नातून पंचवीस टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क मागण्याची त्यात तरतूद आहे, हे मसुदा फुटल्यामुळे बाहेर आले. खेळाडू खवळले. त्यांच्या हाती शस्त्र एकच होते आणि ते त्यांनी उगारले: डिजिटल सेवेच्या वर्गण्या त्यांनी मोठ्या संख्येने रद्द केल्या. महिना संपण्यापूर्वी, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला आणि नियमांचा मूळ गाभा कोणालाही वापरता येईल अशा सार्वजनिक परवान्याखाली कायमचा मोकळा करण्यात आला. संकेतस्थळ चालवणाऱ्याला एका दिवसात हजारो लोक निरोप देऊ शकतात, हे वर्गणीचे सामर्थ्यही या प्रसंगी दिसले. छापील पुस्तकाचा ग्राहक रुसला तरी दुकानदाराला ते कळायला वर्ष जाते.

मात्र दीड वर्षाने कंपनीची मूळ प्रवृत्ती पुन्हा डोकावली. २०२४ साली आधी ग्रंथातील हवा तेवढाच भाग थोडक्या पैशांत घेण्याची सोय काढून टाकण्यात आली. नंतर ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती येण्याच्या तोंडावर, असे जाहीर झाले की पात्रांच्या नोंदपत्रांवर २०१४ च्या ग्रंथांतील मंत्र आणि जादूच्या वस्तू यांची जागा नव्या आवृत्तीतील मजकूर घेईल. जुने ज्यांना हवे त्यांनी ते हाताने पुन्हा लिहून घ्यावे. लोकांनी पैसे जुन्या ग्रंथासाठी दिले होते. पुन्हा ओरड झाली आणि काही दिवसांतच हाही निर्णय फिरवण्यात आला. दोन्ही वेळा ग्राहक जिंकला, हे खरे. परंतु हा विजय आरडाओरड करण्याइतके संघटित असलेल्या लोकांचा होता. ज्या ग्रंथाचे वाचक विखुरलेले आणि मूक आहेत त्याच्या बाबतीत असा बदल कोणाच्या लक्षातही येणार नाही. अॅमेझॉनने २००९ साली ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती, त्या विकणाऱ्याला विक्रीचा हक्क नव्हता म्हणून, वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही बंद झाली. पैसे परत मिळाले एवढेच. पुस्तकावर केलेल्या टिपा-खुणांचे पैसे कसे मोजायचे, याचाही एक दर कंपनीने ठरवून टाकला होता.

या साऱ्या व्यवहाराला ‘भाडे’ म्हणण्याचा प्रघात पडू लागला आहे. तो शब्द गिरगावात जपून वापरावा लागेल, कारण भाडेकरू म्हणजे काय हे तेथे फार जणांना चांगले ठाऊक आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्याने चाळीतील भाडेकरूला भक्कम आधार दिला. ठरलेले भाडे तो भरत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या कारणावाचून मालकाला त्याला बाहेर काढता येत नाही. भाडे मनाला येईल तसे वाढवता येत नाही. पागडीचा व्यवहार, जो आधी कायद्याबाहेर होता, त्यालाही नव्या कायद्याने मान्यता दिली. या कायद्यांचे दुष्परिणाम झाले. इमारती मोडकळीस आल्या, मालकांनी हात वर केले, हे सर्व खरे. तरीही डिजिटल ग्रंथाच्या वाचकाला पागडीच्या भाडेकरूचा एकही हक्क नाही. त्याचे भाडे केव्हाही वाढू शकते, त्याच्या खोलीतले सामान मालक बदलू शकतो आणि नोटीस न देता खोलीला टाळेही लावू शकतो.

कायदा छापील ग्रंथाच्या बाबतीत निराळा का वागतो, याचे उत्तर भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. प्रती वितरित करण्याचा हक्क प्रकाशकाचा असला तरी एकदा विकलेली प्रत ‘आधीच चलनात आलेली’ मानली जाते आणि तिच्यावरचा त्याचा तो हक्क संपतो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा किंवा फ्लोरा फाउंटनचा पदपथावरील जुन्या पुस्तकांचा विक्रेता या तरतुदीवर जगतो, त्याने ती वाचली असो वा नसो. डिजिटल प्रतीच्या बाबतीत कंपन्या म्हणतात की विक्री झालेलीच नाही, फक्त वापराचा परवाना दिला आहे. मग चलनात येण्याचा प्रश्नच कोठे? युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१९ साली असा निर्णय दिला की ई-पुस्तकाची जुनी प्रत पुन्हा विकता येणार नाही. खेळांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. खेळाचे नियम, म्हणजे त्यामागची कल्पना, कोणाच्याच मालकीची नसते. मालकी असते ती त्या नियमांच्या शब्दांवर आणि चित्रांवर. कोलकात्याच्या दोघा भावांनी ‘स्क्रॅबल’सारखा खेळ महाजालावर चालवला, तेव्हा २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ते नाव वापरण्यास मनाई केली, पण खेळावर कॉपीराइट असल्याचा कंपनीचा दावा स्वीकारला नाही. म्हणजे ज्या मजकुराची वर्गणी घेतली जाते त्यातला गाभा कायद्याने सर्वांचाच आहे. वर्गणी आहे ती त्याच्या वेष्टनाची आणि सोयीची.

कथाखेळ खेळणारे मूठभर आहेत, तेव्हा शिक्षकाने, कारकुनाने वा विद्यार्थ्याने याची चिंता का करावी, असे कोणी विचारील. त्याने मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाहावे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार शोधनियतकालिके देशातील सहा हजार तीनशे शासकीय संस्थांना खुली केली जात आहेत. जी मासिके विकत घेण्याची ऐपत तालुक्याच्या महाविद्यालयाला कधीच नव्हती ती तेथील प्राध्यापकाच्या पडद्यावर येणे, हा मोठाच लाभ आहे आणि योजनेचे स्वागत करायला हवे. पण पूर्वी ग्रंथालय ज्या वर्षीची वर्गणी भरे त्या वर्षीचे अंक बांधून कपाटात ठेवत असे, आणि पुढे पैसे संपले तरी तो खंड जागचा हलत नसे. तीन वर्षांनंतर करार लांबला नाही, किंवा प्रकाशकाने दाम दुप्पट सांगितला, तर २०२५ चा अंक २०२८ साली उघडेल काय? हा प्रश्न शोधनियतकालिकांचा आहे आणि वीस पैलूंचा फासा टाकणाऱ्या पोरांचाही आहे.

डिजिटल प्रकाशन या अटींवाचून चालतच नाही असे म्हणावे, तर पुरावा घरातच उलट आहे. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती आपली पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेऊ देते. एकदा उतरवलेली प्रत विद्यार्थ्याची. ती धाकट्या भावाला देता येते, शेजारणीला पाठवता येते, छापून घेता येते. मराठी विश्वकोशाचे खंडही महाजालावर मोकळे आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आणि नफ्यावर चालणारी कंपनी यांना एका मापाने मोजता येणार नाही, हे उघड आहे. परंतु खुद्द कथाखेळांच्या बाजारातही अनेक लहान प्रकाशक पैसे घेऊन पूर्ण धारिका ग्राहकाच्या हवाली करतात, आणि काही जण छापील ग्रंथासोबत ती तशीच देतात. त्यांचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. मोठ्या कंपनीला जे अशक्य वाटते ते लहानांना परवडते, यावरून अडचण तंत्राची की हावेची याचा अदमास येतो.

कायद्याची पावले हळूहळू पडत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा नियम झाला की डिजिटल वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर, ते स्पष्ट सांगितल्यावाचून, ‘विकत घ्या’ असे शब्द विक्रेत्याने वापरू नयेत. फसवणुकीचा शब्द हटला, व्यवहार तोच राहिला. भारतात त्याहून पुढे जाण्याला आधार उपलब्ध आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच आणली, आणि वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपवण्याची मुभा एका पक्षाला देणारे कलम तिच्या व्याख्येत घातले. विकलेले पुस्तक कंपनीने मर्जीनुसार काढून घेणे या व्याख्येत बसते की नाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे. अडचण अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा त्याच्यावर न्यावी लागते. चार हजार रुपयांच्या ग्रंथासाठी परळचा कारकून रजा काढून राज्य आयोगाची पायरी चढेल, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनी तरी धरली असेल असे वाटत नाही. एवढ्याशा रकमांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे सोपवणे ही साधी दुरुस्ती आहे आणि ग्राहक संघटनांनी तिची मागणी करायला हवी.

दुसरी मागणी ग्रंथालयांची असायला हवी, आणि तिच्याकडे अद्याप कोणाचेच लक्ष नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याच्या आधाराने अनुदान मिळवणाऱ्या दादरच्या किंवा गिरगावच्या एखाद्या ग्रंथालयाने उद्या ठरवले की तरुण सभासद परत यावेत म्हणून कथाखेळांचे नियमग्रंथ ठेवावेत आणि शनिवारी संध्याकाळी वाचनकक्षातले एक टेबल त्यांना द्यावे, तर छापील ग्रंथ घेऊन ते हे दुसऱ्या दिवशी सुरू करू शकेल. ग्रंथावर शिक्का पडेल, दाखल क्रमांक पडेल, आणि अनामत भरलेला कोणीही सभासद तो घरी नेऊ शकेल. हाच ग्रंथ डिजिटल स्वरूपात घ्यायचा म्हटला तर ग्रंथपालाला आधी कोणा एका व्यक्तीच्या नावाने खाते उघडावे लागेल. त्या खात्याच्या अटी मान्य कराव्या लागतील, आणि त्या अटी खाते दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई करणाऱ्या असतील. दाखल नोंदवहीत त्या ग्रंथापुढे काय लिहायचे हेही ठरवावे लागेल, कारण ‘खरेदी’ असे लिहिले तर ते खरे होणार नाही, आणि लेखापरीक्षक येईल तेव्हा त्याला दाखवायला कपाटात काही असणार नाही.